बठा, बठ्ठा, बट्टी

हॉटेलात टेबल मिळेपर्यंत लहान मुलांना गुंतवून ठेवण्यात माझे साडू निंबाभाऊ यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या खान्देशात नव्हता, हे मी आधीच मान्य करून टाकतो. म्हणजे पुढे पुन्हा पुन्हा मान्य करायची पाळी यायला नको. खरं तर एकदा मान्य करतानाही माझ्या पोटात हिरव्या मिरचीचा ठेचा पडल्यासारखं होतं. पण खरं ते खरं.

साडू हे नातंच मुळात अवघड. धड भाऊ नाही, धड मित्र नाही. दोन बहिणींना आपापल्या नवऱ्यांची तुलना करता यावी म्हणून देवाने केलेली ती सोय असावी. माझी बायको वैशाली आणि तिची मोठी बहीण मंगलताई, दोघींचं माहेर साक्रीकडचं. मंगलताई धुळ्यात दिलेली, वैशाली जळगावात. मंगलताईंचा नवरा म्हणजे निंबाभाऊ. लग्नात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मांडवाच्या कोपऱ्यात दहा-बारा पोरांच्या घोळक्यात बसून कंगव्याला पातळ कागद लावून सनई वाजवत होते. खरी सनई तिकडे स्टेजजवळ चालू होती, आणि तिच्याभोवती एकही पोर नव्हतं.

दिसायला माणूस अगदी साधा. बुटका, पोट सुटलेलं, अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, वरच्या खिशात तो कंगवा. डोक्यावर विंचरण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं, तरी कंगवा कायम. नरडाण्याच्या एमआयडीसीत तेलाच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. जवळ बसलं की अंगाला सरकीच्या तेलाचा बारीकसा वास यायचा. माझी मुलगी इशू म्हणायची, "पप्पा, काकांचा वास किती छान येतो!" मी त्या काळात चांगल्यातलं सेंट वापरत होतो. त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही.

महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी दोन्ही कुटुंबं पारोळ्याजवळच्या एका हॉटेलात भेटायची. धुळ्याहून ते येणार, जळगावहून आम्ही, पारोळा दोघांच्या वाटेत मधे. हायवेच्या कडेला पत्र्याची मोठी पडवी, तिच्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन-चार बाजा, आणि आतून येणारा शेवभाजीच्या तर्रीचा वास. रविवारी तिथे वरण-बट्टी असायची, म्हणून गर्दीही तिथेच. तासभर बाहेर बसणं ठरलेलंच. त्या तासाभरात पोरं कुरकुरतात, रडतात, एकमेकांना चिमटे काढतात, खुर्च्या ओढतात. माझ्याकडे त्यावर एकच उपाय होता आणि तो खिशात असायचा. मी इशूच्या हातात मोबाईल द्यायचो. ती गप्प व्हायची. मी त्यालाच मुलं सांभाळणं समजत होतो.

इशू तेव्हा पहिलीत होती. आमचं एकुलतं एक लेकरू, त्यातून लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं. मला वाटायचं, ही पोरगी माझी आहे. म्हणजे वैशालीची आहेच, पण जरा जास्त माझी. ही माझी समजूत फक्त माझ्यापुरतीच होती. घरी आम्ही कॅरम खेळायचो. सहा-सात वर्षांची पोर मला हरवायची आणि हरवल्यावर नाचायची. एकदा मी तापाने फणफणलो होतो. म्हटलं, आज तरी दया येईल. तिने माझ्या उशाशी कॅरम मांडला, राणी घेतली, वर कव्हरही घेतलं, आणि मग माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. खेळात ती कुणाला सूट देत नसे. मला त्याचा अभिमानच होता.

आता त्या रविवारची गोष्ट. हॉटेलात नाव सांगून ठेवायची पद्धत. काउंटरवरचा जाडजूड माणूस टेबल रिकामं झालं की दारात येऊन आडनावाने हाक मारायचा. मी आपलं रुबाबात सांगितलं, "पाटील." आता खान्देशात हॉटेलच्या दारात नुसतं 'पाटील' सांगून ठेवणं म्हणजे काय, हे जळगावात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. थोड्या वेळाने तो दारात आला आणि ओरडला, "पाटील!"

अर्धी पडवी उठून उभी राहिली.

आजोबा उठले, नवरा-बायको उठले, बाजेवर आडवे झालेले दोघे उठले, बायका पदर सावरत उठल्या. मी उठलो. निंबाभाऊ उठले; तेही पाटीलच. काउंटरवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, बठ्ठा कसाले उठी ग्यात? बठा, बठा!"

माझं मूळ गाव पहूर, तिकडे अहिराणी चालत नाही. आमची बोली वेगळी. त्यामुळे मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. बठ्ठा म्हणजे सगळे आणि बठा म्हणजे बसा. सगळे कशाला उठलात, बसा. एवढ्यात दाराशी बसलेलं कुणी चपळ पाटील कुटुंब आमच्या टेबलावर जाऊन बसलंही. मी चिडलो. काउंटरवर जाऊन हुज्जत घातली. परत आलो तेव्हा पडवीत वेगळंच काहीतरी चाललं होतं.

निंबाभाऊ मधोमध उभे होते. समोर इशू, त्यांचा धाकटा, आणखी कुणाकुणाची पाच-सहा पोरं. निंबाभाऊ न्यायाधीशासारखा चेहरा करून नियम सांगत होते.

"ध्यान दीसन ऐका. मी बठा म्हन्तं का खाले बठानं. मी बठ्ठा म्हन्तं का दोन्ही हात वर. समजनं का?"

"हो!"

"आनि मी बट्टी म्हन्तं का पोटवर हात. चुकना तो आउट."

आणि सुरू झालं. बठा! धपाधप पोरं खाली. बठ्ठा! निम्मी पोरं खाली, निम्म्यांचे हात वर. निंबाभाऊ क्रिकेटच्या पंचासारखं बोट वर करून एकेकाला बाद करायचे. शहरातल्या पोरांना बठा आणि बठ्ठा यांतला फरक कानाला लागतच नव्हता. ती चुकायची आणि चुकल्यावर एवढी खूश व्हायची की बक्षीस मिळाल्यासारखी. बट्टी म्हटल्यावर सगळ्या पडवीत खसखस पिकायची, कारण सगळ्यांनाच भूक लागलेली. आजोबा लोकसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या पोटावर हात ठेवू लागले. इशूला दिलेला माझा मोबाईल खुर्चीवर उताणा पडला होता आणि त्यातली कार्टूनं कुणी बघत नव्हतं.

मला राग याचा आला की ते वाक्य मीसुद्धा ऐकलं होतं. तोच काउंटरवाला, त्याच शब्दांत, माझ्याही कानात ओरडला होता. मला त्यात गेलेलं टेबल दिसलं. या माणसाला त्यात खेळ दिसला. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

परतीच्या वाटेवर गाडीत इशू मागे एकटीच म्हणत होती, "बठा. बठ्ठा. बट्टी. मम्मी, लिंबूकाका पुढच्या रविवारी येतील का?" निंबाकाका तिला म्हणता येत नव्हतं, लिंबूकाका झालं आणि तेच राहिलं. पुढच्या रविवारी पप्पा येणार का, हे विचारायचं कारणच नव्हतं. पप्पा गाडी चालवत होते.

वैशालीने खिडकीबाहेर पाहत नाक उडवलं. "अहो, काहीतरी जळाल्याचा वास येऊन राहिला. गाडीचं इंजिन बघता का?"

त्यानंतर निंबाभाऊंना मी बारकाईने पाहू लागलो. प्रेमाने माणूस पाहतो त्याच्या दुप्पट बारकाईने जळणारा पाहतो. माझ्या लक्षात आलं, हा माणूस मुलांशी कधीच बोबडं बोलत नाही. आपण मोठी माणसं मुलांना पाहिलं की गाल ओढतो, 'कितवीत आहेस' विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीकडे बघतो. निंबाभाऊ मुलांना तहसीलदाराला विचारावं इतक्या गांभीर्याने प्रश्न विचारायचे. "तुमना मते, पहिले शेव व्हती का पहिले भाजी?" पोरं विचारात पडायची. एक म्हणायचं शेव, दुसरं म्हणायचं भाजी, आणि मग दोन पक्ष पडून वाद रंगायचा. निंबाभाऊ दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि निकाल पुढच्या भेटीवर ठेवायचे. त्यामुळे पुढच्या भेटीची वाट पाहणं आलंच. पोरगी महिनाभर मला विचारत राहायची, "पप्पा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायचो, भाजी. ती म्हणायची, "काकांना विचारू." माझं मत म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल.

घरून खेळणं वगैरे ते काही आणत नसत. टेबलावर जे असेल त्यातच भागवायचे. लिंबाच्या फोडी, कांद्याच्या चकत्या, पाण्याच्या बाटलीचं झाकण. कांद्याची चकती डोळ्याला लावून चष्मा, आणि तो लावून मेनूकार्ड वाचायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी वाचन पूर्ण करायचे. जेवण झाल्यावर प्रत्येक पोराच्या तळहातावर बडीशेप ठेवायचे, आणि पोराने एक खोटी गोष्ट सांगितल्याशिवाय मूठ मिटू द्यायची नाही. खरी सांगितली तर बडीशेप परत. इशूने एकदा सांगितलं, "माझे पप्पा खूप मजा करतात." निंबाभाऊंनी लगेच तिची मूठ मिटवली. सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू मला घरी जाईपर्यंत पुरलं नाही.

त्यांचं एक शास्त्र होतं. "पोरं कटायतस नही भो, मोठा मानसं कटायतस. आपला कटाया त्यासले लागस." मुलं कंटाळत नाहीत, आपला कंटाळा त्यांना लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कारखान्यात आठवडाभर खाडा न होता पाळ्या चालायच्या, रविवार हा एकच मोकळा. तरी ते कंटाळल्याचं मी कधी पाहिलं नाही. मला मात्र शनिवार दुपारपासूनच कंटाळा यायचा.

एकदा फजितीही झाली. पण त्या माणसाची फजितीसुद्धा त्याच्याच बाजूने जायची. हॉटेलात नवीन वेटर आला होता, बिहारकडचा. त्याला हिंदी सोडून काही येत नव्हतं. आम्ही टेबलावर बसलो, पोरं ताटांसाठी हात आपटत होती. निंबाभाऊंनी हात सगळ्यांवरून फिरवून त्याला सांगितलं, "बठ्ठासले आन रे भो." म्हणजे सगळ्यांना आण, बट्टी सगळ्यांना. वेटर मान हलवून गेला आणि परत आला तो मोठा ट्रे भरून मठ्ठ्याचे ग्लास घेऊन. सगळ्यांसमोर एकेक ग्लास. त्याने ऐकलं होतं 'मठ्ठा'. आम्ही बघत राहिलो. मी म्हणालो, "परत न्यायला सांगा." निंबाभाऊ म्हणाले, "कसाले? चौथा शब्द भेटना!" तिथून खेळात मठ्ठा आला. मठ्ठा म्हटलं की जीभ बाहेर. बिचारा वेटर पुढे आम्ही आलो की लांबूनच जीभ दाखवायचा. पोरांना तो देवासारखा वाटायचा. आमच्या पैशाने आलेला मठ्ठा, आणि नाव निंबाभाऊंचं.

मग मीही ठरवलं. एका रविवारची तयारी म्हणून मी आठवडाभर मोबाईलवर बघून नाणं गायब करायची जादू शिकलो. आरशासमोर सराव केला. वैशालीने दाराआडून पाहिलं आणि पोळ्या लाटायला निघून गेली. तिने काही बोलायला हवं होतं. रविवारी पडवीत मी इशूला आणि इतर पोरांना जवळ बोलावलं. निंबाभाऊंनीही मोठ्या मनाने कंगवा खिशात टाकला आणि पोरांच्या मागे जाऊन बसले. मी नाणं दाखवलं, मूठ झटकली. नाणं गायब झालं खरं. फक्त ते बाहीत जायच्या ऐवजी उडून पडवीच्या टोकाला बाजेवरच ताट घेऊन जेवत बसलेल्या एका गृहस्थाच्या शेवभाजीत पडलं. तर्री त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. गृहस्थ उभा राहिला. पोरं घाबरली. मी रिकामी मूठ तशीच पुढे धरून उभा.

निंबाभाऊ ताडकन उठले. दोन्ही हात जोडत त्या गृहस्थाजवळ गेले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आज तुमना नशीब उघडनं! आमना साडूनी जादू शे ही. शेवभाजीमा पैसा निंघना, हाऊ शकुन शे शकुन!" गृहस्थ आधी गोंधळला, मग हसला. निंबाभाऊंनी स्वतःचा रुमाल ओला करून त्याचा शर्ट पुसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या नावापुरत्या माझ्यासाठी होत्या, पण पोरं बघत होती त्यांच्याकडे. निंबाभाऊंनी परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगली व्हती भो. जरासा सराव कमी पडना." त्यांनी मला हिणवलं असतं तर मला परवडलं असतं. त्यांनी मला वाचवलं, ते मात्र मी आजवर पचवू शकलो नाही.

मला एकच दिलासा होता, आणि तो त्यांच्याच घरातून मिळाला. त्यांचा मोठा मुलगा प्रथमेश तेव्हा दहावीत होता. बापाने पडवीत पोरं गोळा केली की तो लाल व्हायचा आणि म्हणायचा, "पप्पा, नका ना, लोक बघताय." मग तो माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचा. एकदा हळूच मला म्हणाला, "काका, तुमचं बरं आहे. तुम्ही किती शांत असतात." मला आयुष्यात मिळालेला हा एकमेव चाहता. मी त्याला लगेच आईस्क्रीम मागवलं. माझी मुलगी तिकडे, त्यांचा मुलगा इकडे. हिशोब बरोबर झाला असं मी मनाला सांगितलं, आणि मनाने ते मानलं नाही.

बारकाईने बघण्याचा मला एकदाच फायदा झाला. बठा-बठ्ठाच्या खेळात निंबाभाऊ पोरांना फसवायचे. बठा म्हणताना मुद्दाम हात वर करायचे, बठ्ठा म्हणताना स्वतः खाली वाकायचे. पोरं हातांकडे बघायची आणि फसायची. मी हातांकडे बघत नव्हतो, तोंडाकडे बघत होतो. मला दिसलं, बठ्ठा म्हणण्याआधी त्यांची डावी भुवई वर जायची. अगदी थोडी, पण दर वेळी. बठा म्हणताना जात नसे. त्यांना स्वतःलाही ते माहीत नसणार. ठ्ठ वर जोर द्यायच्या तयारीत ती भुवई आपोआप उचलली जात असावी.

घरी कॅरमवर इशू माझी सोंगटी मारत असताना मी म्हणालो, "तुला एक गुपित सांगू? फक्त तुला." आणि भुवई सांगितली. तिचे डोळे चमकले. "कुणालाच नाही सांगायचं?" "कुणालाच नाही. मम्मीलाही नाही." तिने हात पुढे केला, मी टाळी दिली. त्या दिवसानंतर इशू त्या खेळात कधीही बाद झाली नाही. निंबाभाऊ हात वर करोत, खाली करोत, उलटे उभे राहोत, ही पोरगी त्यांच्या भुवईकडे बघायची आणि बरोबर तेच करायची. निंबाभाऊ चकित व्हायचे. "ह्या पोरना कान शेत का काय शे!" म्हणायचे. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. त्या एका नजरेसाठी मी जळगाव ते पारोळा गाडी चालवायचो, असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या खेळात माझा तेवढाच वाटा होता, पण तो फक्त आम्हा बाप-लेकीचा होता.

वर्षं गेली. इशू सातवीत गेली, रविवार कमी झाले, क्लास वाढले. आणि एका दुपारी मंगलताईंचा फोन आला. निंबाभाऊ कारखान्यात पाळीवर असताना खाली कोसळले होते. लकव्याचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. आम्ही धुळ्याला दवाखान्यात गेलो. पुढे महिनोन् महिने व्यायाम, मालिश, औषधं. हळूहळू काठी घेऊन चालू लागले. बोलणं काही आलं नाही. 'हां' आणि 'नही' एवढं स्पष्ट, बाकी सगळं ओठातच अडकून एक ओला आवाज व्हायचा. कुणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. पोरं आली तर हमखास. मंगलताई म्हणाली, "लाजतात. पोरांसमोर बोलता येत नाही ना."

खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण मनाच्या एका कोपऱ्यात असंही येऊन गेलं की आता इशू कुणाजवळ बसेल.

इशूनेच हट्ट धरला. तिच्या वाढदिवसाला सगळ्यांनी पारोळ्याला जायचं, नाहीतर मला वाढदिवसच नको. प्रथमेश आता कॉलेजात होता. त्याने बापाला गाडीत घालून आणलं. पडवीत सगळ्यांत चांगली खुर्ची शोधून बसवलं. तोच पत्रा, तोच वास, तीच गर्दी. निंबाभाऊ काठी मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत बसले. खिशात कंगवा होता. मंगलताईंनी तो आठवणीने ठेवला असणार.

शेजारी एक कुटुंब होतं, लहान लहान चार पोरं. आईच्या मोबाईलची बॅटरी संपली आणि पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं. एक लोळू लागलं, दोघे मारामारी करू लागले. निंबाभाऊंनी मान वर केली. ते बराच वेळ त्या पोरांकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि तोंड उघडलं.

काय बाहेर आलं ते कुणालाच कळलं नाही. "ब... अ... था" असं काहीतरी. पोरं रडायची थांबून बघू लागली. निंबाभाऊंचा चेहरा पडला.

इशू खुर्चीतून उठली. "ऐका रे, हे माझे काका. ते बठा म्हणाले तर खाली बसायचं. बठ्ठा म्हणाले तर हात वर. बट्टी म्हणाले तर पोटावर हात. चुकला तो आउट. मी पण खेळते."

सुरू झालं. निंबाभाऊ एकच आवाज काढत होते आणि पोरं मनाला येईल ते करत होती. कुणी बसायचं, कुणी हात वर, कुणी पोट चोळायचं. हसत होती, पण कुणी बादच होत नव्हतं, कारण काय बरोबर ते कुणाला माहीत नव्हतं. निंबाभाऊंना ते कळलं. त्यांचा हात हळूहळू खाली येऊ लागला. बाद कोण झालं हे ठरवायचं तर आपण काय म्हणालो ते लोकांना कळायला हवं, आणि त्यांचं कुणालाच कळत नव्हतं.

इशू अगदी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "काका, माझ्यासाठी म्हणा. माझ्यासाठी एकटीसाठी."

त्यांनी श्वास घेतला. मी बघत होतो. डावी भुवई वर गेली. झटक्याने तिला काही केलं नव्हतं. पहिल्यासारखीच, थोडीशी, पण स्पष्ट. बठ्ठा. हात वर. आणि मागोमाग तोच ओला आवाज.

इशूची नजर त्या भुवईवर होती. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मग तिने नवा ड्रेस सावरला आणि ती सरळ खाली फरशीवर बसली.

निंबाभाऊंचे डोळे मोठे झाले. डाव्या हाताचं बोट वर गेलं, आणि तोंडातून शब्द आला. पूर्ण, धडधडीत शब्द.

"आउट!"

मग ते हसले, अर्ध्या तोंडाने. इतक्या वर्षांत न हरलेली पोरगी त्यांनी हरवली होती. पोरं टाळ्या पिटू लागली, प्रथमेश सगळ्यांत जोरात. "लोक बघताय" तो त्या दिवशी म्हणाला नाही. मंगलताई पदराने तोंड झाकून आत निघून गेली. एवढ्यात काउंटरवाला दारात येऊन ओरडला, "पाटील!" आणि अर्धी पडवी उठली. मीही उठलो. इशू तेवढी खाली बसून होती, निंबाभाऊंच्या पायाशी.

जेवण झाल्यावर त्यांची गाडी धुळ्याकडे वळली. खिडकीतून त्यांचा डावा हात बाहेर होता, बोट अजून वर. वळणापर्यंत ते बोट दिसत होतं. इशू मान खाली घालून हरल्यासारखा चेहरा करून उभी होती, त्यांना दिसावं म्हणून. निंबाभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढे थंडीत, भरिताची वांगी बाजारात आली त्या दिवसांत, त्यांना दुसरा झटका आला.

त्या दिवशी परतताना गाडीत मी इशूला विचारलं होतं, "भुवई दिसली नाही का गं?"

"दिसली," ती म्हणाली.

मी गिअर बदलला. माझं गुपित तिने त्यांच्यासाठी खर्च करून टाकलं होतं. ज्या पोरीने तापाने फणफणलेल्या बापाला कॅरमवर एक सोंगटी सोडली नाही, ती त्या माणसासाठी नव्या ड्रेसनिशी फरशीवर बसून हरली. माणूस गेला, आता जळायला समोर कुणी नाही. तरी मी जळतो. माझ्यासाठी ती अजून एकदाही हरलेली नाही.